साखरेचे कवच

चातुर्मास सुरू झाला, पावसाची झड लागली, की रामदासपेठेतील बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत बसायला जागा उरत नाही. रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली हा नागपूरचा भाग म्हणजे विदर्भाचाच नव्हे, तर शेजारच्या छिंदवाडा-बालाघाटचाही दवाखाना म्हणावा असा. एका गल्लीत चार पाट्या, प्रत्येक पाटीखाली चपलांचा ढीग, आणि आत आजीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले एखादे दीड महिन्याचे बाळ. आजीच्या हातात लसीकरणाचे कार्ड असते. बीसीजी, पोलिओ ही नावे तिच्या ओळखीची. तिच्या मुलांना ती मिळालेली असतात. पण त्याखाली 'पीसीव्ही' अशी तीन अक्षरे असतात आणि त्यांच्यावर तिचे बोट थबकते. हे कशाचे, असे विचारले की घाईत असलेली परिचारिका सांगते, "न्यूमोनियाची लस आहे, आजी."

उत्तर खरे आहे. परंतु अपुरे आहे. त्या इवल्याशा कुपीत जे असते त्याचा मुख्य भाग एका सूक्ष्म जीवाच्या अंगावरची साखर हा असतो. ती साखर कशी विणली जाते, तिचा नमुना कोण ठरवतो आणि त्या नमुन्यातला एक टाका बदलला तर काय होते, हे शोधता शोधता विसाव्या शतकातील शास्त्रज्ञ आनुवंशिकतेच्या मुळाशी जाऊन पोहोचले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचा विचार दैनंदिन आचारात करण्याची सवय ज्या घरांना आहे, त्यांना ही कथा परकी वाटू नये.

न्यूमोकॉकस हा त्या जीवाचा परिचित उल्लेख. तो निरोगी मुलांच्याही नाकात आणि घशात मुक्काम करून असतो. बहुतेक वेळा काही उपद्रव न देता येतो आणि जातो. कधी मात्र तो फुप्फुसात उतरतो, रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2019 या एका वर्षात पाच वर्षांखालील 7 लाख 40 हजारांहून अधिक बालके न्यूमोनियाने दगावली. न्यूमोनियाची कारणे अनेक, विषाणूही त्यांत आहेत. पण जीवाणूंमध्ये अग्रक्रम न्यूमोकॉकसचा.

हा जीवाणू आकाराने सुमारे एक मायक्रोमीटर, आणि त्याच्या अंगावरचे आवरण 200 ते 400 नॅनोमीटर जाडीचे असू शकते. म्हणजे देह लहान आणि दुलई जाड. हे आवरण बहुशर्करेचे असते. साध्या साखरेचे रेणू एकामागे एक गुंफून बनलेल्या लांबच लांब साखळ्या पाणी धरून ठेवतात, फुगतात आणि बुळबुळीत होतात. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींचे काम घुसखोराला मिठी मारून गिळण्याचे. परंतु ही मिठी बसायला पकड लागते. आपल्याकडे ज्याला 'तेल लावलेला पैलवान' म्हणतात, तशी या जीवाणूची गत असते: हात घालावा तिथून तो निसटतो. शिवाय शरीर त्याच्या पृष्ठभागावर पकडीसाठी जी प्रथिने चिकटवू पाहते, ती या साखरेच्या थराखाली दडून राहतात. आवरण हरवलेला न्यूमोकॉकस जवळजवळ निरुपद्रवी ठरतो. रोगकारक शक्तीचा एवढा मोठा वाटा एका साखरेच्या थरात असावा, ही गोष्ट प्रथम लक्षात आली तेव्हा कुणाचा सहजासहजी विश्वास बसला नाही.

मळकट भुकटीची कुपी

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूमोनियावर औषध नव्हते. घोड्याला जीवाणू टोचून त्याच्या रक्तापासून तयार केलेले प्रतिद्रव्य रुग्णाला देत असत. पण ते लागू पडायचे तर रुग्णाच्या अंगातील जीवाणू नेमक्या कोणत्या प्रकारचा आहे हे आधी कळणे आवश्यक होते. पहिल्या प्रकारचे प्रतिद्रव्य दुसऱ्या प्रकारावर चालत नसे. प्रकार ओळखण्याची एक सुबक रीत जर्मन शास्त्रज्ञ न्यूफेल्ड यांनी 1902 मध्ये दाखवून दिली होती: योग्य प्रतिद्रव्याचा थेंब टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणूचे आवरण फुगल्यासारखे दिसते. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ही परीक्षा जगातील संदर्भ प्रयोगशाळांतून अजून केली जाते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत ओस्वाल्ड एव्हरी हे डॉक्टर या एकाच जीवाणूमागे लागले होते. आवरणातून निघालेल्या पदार्थाची मळकट भुकटी एका कुपीत घेऊन ते आपले रसायनशास्त्रज्ञ सहकारी मायकेल हायडेलबर्गर यांच्याकडे वारंवार जात आणि जीवाणूच्या वैशिष्ट्याचे सारे रहस्य यात आहे असे सुचवीत. 1923 मध्ये दोघांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: हा पदार्थ प्रथिन नाही, ती बहुशर्करा आहे. त्या काळच्या शास्त्राची समजूत अशी, की शरीराला ओळख पटावी असे वैविध्य फक्त प्रथिनांत असते. साखर म्हणजे इंधन, फार तर भराव. पुष्कळांनी म्हटले की भुकटीत कुठेतरी थोडे प्रथिन राहून गेले असणार. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराच्या शुद्ध शर्करेत नायट्रोजनच सापडत नव्हता, आणि नायट्रोजनाशिवाय प्रथिन कसले? हायडेलबर्गर पुढे 103 वर्षे जगले आणि आपल्या या 'गोड' शोधाची फळे लशीच्या रूपाने त्यांना पाहता आली. असे भाग्य संशोधकांच्या वाट्याला क्वचित येते.

साखरेच्या माळेत एवढे वैविध्य कसे येते? माळेचाच दृष्टांत घेऊ. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, ऱ्हॅम्नोज असे निरनिराळे मणी आहेत. दोनपासून आठपर्यंत मणी घेऊन एक छोटी लड करायची आणि तीच लड शेकडो वेळा जोडत जायची, ही जीवाणूची रीत. तिसऱ्या प्रकारात लड अगदी साधी आहे: ग्लुकोज आणि त्याचेच एक आम्लरूप, दोनच मणी. सहाव्या गटात चार घटक असतात: गॅलॅक्टोज, ग्लुकोज, ऱ्हॅम्नोज आणि रिबिटॉल, आणि दोन लडींमध्ये फॉस्फेटची गाठ. पण साखरेच्या मण्याला सुताच्या मण्यासारखे एकच भोक नसते. प्रत्येक रेणूवर जोडणीच्या अनेक जागा असतात आणि कोणत्या जागी जोड बसला यावर माळेचा पीळ, तिचा आकार बदलतो. '6-ए' आणि '6-बी' या दोन प्रकारांत मणी तेच, क्रमही तोच. फरक एवढाच, की ऱ्हॅम्नोज हा रिबिटॉलच्या तिसऱ्या कार्बनला जोडला आहे की चौथ्या. '19-एफ' आणि '19-ए' यांच्यातही असाच एका जोडाचा फरक आहे.

हा फरक केवळ रसायनशास्त्राच्या वहीतला नाही. 2000 मध्ये अमेरिकेत सात प्रकारांची पहिली संयुग्मित लस आली. तिच्यात 6-बी होता, 6-ए नव्हता. तरी 6-ए चे आजारही कमी झाले. तिच्यात 19-एफ होता, 19-ए नव्हता. तेव्हाही तसेच घडेल असे अनेकांना वाटले. घडले उलट. 19-ए ला मोकळे रान मिळाले आणि काही वर्षांतच तो तेथील मुलांमध्ये ठळकपणे पुढे आला. माळेतील एकेका जोडाची दोन सारखी वाटणारी उदाहरणे. एकात शरीराने साम्य ओळखले, दुसऱ्यात ओळखले नाही. आधी अंदाज बांधून मोकळे होता येत नाही, मुलांच्या आजारांची नोंद ठेवावीच लागते, हा धडा त्यातून लशी बनवणाऱ्यांनी घेतला. पुढच्या लशींत दोन्ही जोड्या पूर्ण घेतल्या जाऊ लागल्या.

मेलेल्याकडून जिवंताला

आता प्रश्न उरतो तो नमुना ठरवणाऱ्याचा. त्याची कथा लंडनमध्ये सुरू होते. फ्रेडरिक ग्रिफिथ हे तेथील सरकारी प्रयोगशाळेतील अबोल वैद्यकीय अधिकारी. आवरण असलेले न्यूमोकॉकस काचेच्या बशीवर वाढवले की त्यांचे ठिपके गुळगुळीत, चकचकीत दिसतात. आवरण गमावलेल्यांचे खडबडीत. 1928 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात उष्णतेने मारलेले गुळगुळीत जीवाणू आणि जिवंत पण निरुपद्रवी खडबडीत जीवाणू एकत्र करून उंदरांना टोचण्यात आले. दोहोंपैकी कोणीही एकटा उंदराला मारत नव्हता. एकत्र दिल्यावर उंदीर मेले. आणि त्यांच्या रक्तात सापडले ते जिवंत, गुळगुळीत, मेलेल्यांच्याच प्रकारचे आवरण घातलेले जीवाणू. त्या मुक्या जीवांच्या मरणावर हे ज्ञान उभे आहे, याची नोंद येथे करून पुढे जाणे उचित.

मेलेल्यांकडून जिवंतांकडे काहीतरी गेले होते, आणि ते एकदा गेले की पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरत होते. म्हणजे साखर स्वतः नव्हे, साखर विणण्याची कृती गेली होती. ग्रिफिथ यांना त्या 'काहीतरी'चे नाव कळले नाही. 1941 मध्ये लंडनवरील जर्मन बॉम्बहल्ल्यात त्यांचा मृत्यू झाला. एव्हरी यांनी आरंभी या प्रयोगावर अविश्वास दाखवला, नंतर त्याचाच ध्यास घेतला. कॉलिन मॅक्लिओड आणि मॅक्लिन मॅकार्टी या सहकाऱ्यांसह त्यांनी मृत जीवाणूंच्या अर्कातून एकेक घटक वजा करत नेला. प्रथिने काढली, शर्करा काढली, तरी रूपांतर होतच राहिले. डीएनए नष्ट करताच ते थांबले. फेब्रुवारी 1944 मध्ये प्रसिद्ध झालेला तो निबंध म्हणजे आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे याचा पहिला भक्कम पुरावा. शाळेच्या पुस्तकात डीएनएची गोष्ट दुहेरी पिळापासून, म्हणजे 1953 पासून सुरू होते. ती न्यूमोनियाच्या साखरेपासून सुरू व्हायला हवी. एव्हरी यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. तो अन्याय होता, असे म्हणणारे नोबेलविजेतेही पुष्कळ आहेत.

आज ती कृती अक्षरशः वाचता येते. न्यूमोकॉकसच्या डीएनएत सुमारे वीस लाख अक्षरे आहेत. त्यात एका ठराविक जागी, 'डेक्स-बी' आणि 'अली-ए' या दोन जनुकांच्या मध्ये, आवरणाचा सगळा कारखाना एका पंक्तीत मांडलेला असतो: साधारण दहा ते तीस हजार अक्षरांचा पट्टा. सुरुवातीची चार जनुके बहुतेक प्रकारांत सारखी. ती विणकामाचा वेग आणि साखळीची लांबी सांभाळतात. त्यानंतरची जनुके प्रत्येक प्रकाराची स्वतःची. एक पहिला मणी पेशीच्या पातळ पडद्यातील स्निग्ध खुंटीवर बसवते, पुढची एकेक मणी जोडत जातात, एक तयार लड पडद्याच्या आतून बाहेर उलटवते, आणि एक बाहेर आलेल्या लडींची माळ करते. तिसरा प्रकार मात्र एकांडा. त्याच्याकडे एकच विकर आहे जे दोन्ही मणी आळीपाळीने ओवत राहते, आणि त्यामुळेच बहुधा त्याचे आवरण इतके भरघोस असते. 2006 मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेच्या पुढाकाराने त्या वेळी ज्ञात असलेल्या नव्वदही प्रकारांचे हे पट्टे वाचून प्रसिद्ध झाले. आज ज्ञात प्रकारांची संख्या शंभरापलीकडे गेली आहे. वर सांगितलेल्या 6-ए आणि 6-बी यांच्यातील जोडाचा फरक या वीस लाखांपैकी केवळ एका अक्षरावर ठरतो.

या पट्ट्याच्या शेजारपणातही एक मेख आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना, थोड्या अंतरावर, पेनिसिलिन ज्यांच्यावर घाव घालते त्या प्रथिनांची जनुके आहेत. न्यूमोकॉकस अजूनही ग्रिफिथच्या उंदरांत केले तेच करतो: शेजारच्या मेलेल्या भाईबंदाचे डीएनए उचलून आपल्यात मिसळतो. मुलाच्या नाकात दोन प्रकार एकत्र नांदत असले, की एका उचलीत नवे आवरण आणि औषधाला न जुमानण्याचा गुण दोन्ही मिळू शकतात. किरकोळ सर्दी-खोकल्याला औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या अशा बदललेल्या जीवाणूला टिकायला मदत करतात. रामदासपेठेतील डॉक्टर "हा विषाणूचा ताप आहे, अँटिबायोटिक नको" असे म्हणतात तेव्हा पालक नाराज होतात आणि दुसऱ्या पाटीखाली जाऊन बसतात. नाराजी समजण्यासारखी आहे. पण डॉक्टरांची बाजू बरोबर असते.

तान्ह्या बाळाला साखर दिसत नाही

लस साखरेची असेल तर साखर शुद्ध करून टोचली की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक. मोठ्या माणसांत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. 1940 च्या दशकात अमेरिकी सैनिकांवर असे प्रयोग यशस्वी झाले. लस बाजारात आली आणि पेनिसिलिनच्या दिमाखापुढे कोणी विचारीना म्हणून बंदही झाली. रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरांनी 1964 मध्ये दाखवून दिले की रक्तात शिरलेल्या न्यूमोकॉकसने पहिल्या काही दिवसांत होणारे मृत्यू पेनिसिलिनही थांबवू शकत नाही. त्यांच्याच चिकाटीने 1977 मध्ये चौदा आणि 1983 मध्ये तेवीस प्रकारांची लस आली. आजी-आजोबांना दिली जाणारी जुनी 'तेवीसची लस' ती हीच.

पण दोन वर्षांखालील मुलांत ती निष्प्रभ ठरते. शरीरातील स्मृती जागवणाऱ्या 'टी' पेशींना प्रथिनांची भाषा कळते, साखरेची नाही. मोठ्यांत त्यांच्या मदतीशिवायही काही प्रतिद्रव्ये तयार होतात. तान्ह्याची यंत्रणा तेवढी पक्व नसते. आणि न्यूमोकॉकस सर्वाधिक घातक ठरतो तो याच वयात. उपाय एव्हरी आणि वॉल्टर गोबेल यांनी 1929 ते 1931 च्या सुमारासच प्रयोगात दाखवला होता: साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडून द्यावी. प्रथिन पाहून टी पेशी जागी होते आणि सोबत आलेल्या साखरेचीही स्मृती तयार होते. लहान मूल कडू औषध मधातून घेते. येथे नेमके उलट, साखर घेण्यासाठी प्रथिनाचे बोट धरावे लागते. ही कल्पना अर्धशतक पडून राहिली. 1980 च्या दशकात 'हिब' या दुसऱ्या आवरणधारी जीवाणूवर ती वापरली गेली आणि 1987 मध्ये अमेरिकेत अशी पहिली लस मंजूर झाली. आपल्या कार्डावरील 'पेंटाव्हॅलंट'मधील एक घटक ती आहे. भारतात ही पंचगुणी लस डिसेंबर 2011 मध्ये केरळ व तामिळनाडूपासून सुरू झाली.

न्यूमोकॉकसची लस यापेक्षा खर्चिक. प्रत्येक प्रकारचा जीवाणू स्वतंत्र टाकीत वाढवायचा, त्याची साखर स्वतंत्र शुद्ध करायची, स्वतंत्रपणे प्रथिनाला जोडायची आणि शेवटी सगळ्या एकत्र करायच्या. दहा प्रकारांची लस म्हणजे जवळजवळ दहा लशी. पाश्चात्त्य कंपन्यांच्या किमती सामान्य घराला परवडणाऱ्या नव्हत्या, आणि रामदासपेठेत वर्षानुवर्षे ही लस घेणारी बाळे आणि गडचिरोलीची बाळे यांच्यातली भिंत ही अशी पैशाची होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'पाथ' या संस्थेसह दहा प्रकारांची लस विकसित केली. प्रकार निवडले ते आशिया-आफ्रिकेत आढळणारे: 1, 5, 6-ए, 6-बी, 7-एफ, 9-व्ही, 14, 19-ए, 19-एफ आणि 23-एफ. आफ्रिकेतील गांबियातील मुलांवर तिची चाचणी झाली, डिसेंबर 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली, आणि गरीब देशांसाठी तिची किंमत सुरुवातीला मात्रेमागे दोन डॉलर ठेवण्यात आली. भारतात शासकीय कार्यक्रमात न्यूमोकॉकसची लस 2017 मध्ये हिमाचल प्रदेश, उत्तर प्रदेश व बिहारच्या काही भागांत सुरू झाली होती. महाराष्ट्रासह देशभर ती पोहोचली 2021 मध्ये.

याच संस्थेने याआधी आफ्रिकेच्या मस्तिष्कज्वर पट्ट्यासाठी 'ए' प्रकारच्या मेनिंगोकॉकसची लस केली होती. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत ती प्रथम सामूहिकरीत्या दिली गेली. मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरहून कमी. दर काही वर्षांनी हजारोंचे बळी घेणारी त्या प्रकाराची साथ तेथून जवळजवळ नाहीशी झाली. विषमज्वराच्या जीवाणूलाही 'व्हीआय' नावाचे शर्करेचे आवरण असते. त्यावरील भारतीय संयुग्मित लस सार्वजनिक कार्यक्रमात जगात सर्वप्रथम दिली ती नवी मुंबई महानगरपालिकेने, 2018 मध्ये. या गोष्टी आपल्याच राज्यात घडल्या, पण आपल्या वर्तमानपत्रांत त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

सगळ्या आवरणांवर मात्र ही युक्ती चालत नाही. 'बी' प्रकारच्या मेनिंगोकॉकसने अंगावर घेतलेली साखर ही मानवी गर्भाच्या मेंदूतील पेशींवरच्या साखरेसारखीच असते. चोराने घरच्याच माणसाचा सदरा घालून यावे तसे. तिच्याविरुद्ध शरीराला भडकवणे म्हणजे आपल्याच घरात आग लावण्याचा धोका. तेथे शेवटी आवरणाचा नाद सोडून, जीवाणूचा संपूर्ण डीएनए वाचून, त्यातून निवडलेल्या प्रथिनांची लस करावी लागली.

आणि सगळेच साखरधारी जीवाणू शत्रू आहेत असेही नाही. बिनअंड्याच्या केकच्या तयार मिश्रणावर किंवा आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत 'झँथन गम' किंवा 415 हा आकडा दिसतो. ती कोबीवर्गीय भाज्यांना रोग लावणाऱ्या एका जीवाणूची स्रवलेली बहुशर्करा. अमेरिकेतील पिओरियाच्या कृषी प्रयोगशाळेत ॲलीन जीन्स यांच्या गटाने ती शोधली. प्राणिज जिलेटिनला पर्याय म्हणून वापरला जाणारा 'जेलन गम', 418, हाही अशाच एका जीवाणूचा. अंडे व जिलेटिन टाळणाऱ्या घरांची सोय अशा रीतीने एका सूक्ष्म जीवाने केली. आंबवून तयार केलेला हा पदार्थ आपल्या आचारात बसतो की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे; डबा उलटून वाचण्याची सवय मात्र चांगली.

एकशे सत्तर किलोमीटर

रामदासपेठेपासून गडचिरोली साधारण 170 किलोमीटर. नागपुरातच वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1980 च्या दशकात तेथे 'सर्च' ही संस्था उभारली, तेव्हा न्यूमोकॉकसची बालकांसाठीची लस जगातच नव्हती. बाळाचा श्वास एका मिनिटात किती वेळा होतो यावरून न्यूमोनिया ओळखता येतो. पण मोजता न येणाऱ्या सुईणीने तो कसा मोजावा? त्यांनी मण्यांचे आणि एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळाचे साधे साधन केले. मणी सरकवत जायचे. वाळू संपण्याआधी ठराविक मणी गाठला तर श्वास जलद. गावातील आरोग्यदूत व सुईणींनी घरी जाऊन औषध द्यायचे. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार अशा गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी होते. लस आली तरी हे मोजणे कालबाह्य झालेले नाही. लशीत दहा किंवा तेरा प्रकार, जगात शंभराहून अधिक. आणि विषाणूंचा न्यूमोनिया वेगळाच. बाळाच्या छातीत खळगा पडत असेल, श्वास जलद असेल, ते दूध घेत नसेल, तर लस पूर्ण झाली आहे म्हणून घरी थांबू नये.

विदर्भाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. नागपूरच्या डॉक्टरांनी 1958 मध्येच मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये केली होती. विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश हा देशातील सिकलसेलचा मोठा पट्टा. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि प्लीहेतील बारीक वाहिन्या बुजवतात. हळूहळू प्लीहा निकामी होते. आणि प्लीहा हीच तर आवरणधारी जीवाणूंना रक्तातून गाळून काढणारी चाळणी. ती गेली की तेल लावलेल्या पैलवानाला अडवणारा आखाड्यात कोणी उरत नाही. सिकलसेलच्या मुलाला सकाळी आलेला ताप संध्याकाळपर्यंत प्राणावर बेतू शकतो तो यामुळे. 1986 मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले की अशा लहान मुलांना रोज पेनिसिलिनची साधी गोळी दिल्यास न्यूमोकॉकसचे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटतात. आवरणावरच्या लशी अशा मुलांना इतरांहून अधिक आवश्यक असतात. अपघातात वा शस्त्रक्रियेत प्लीहा काढावी लागलेल्या मोठ्या माणसांनाही त्या घ्याव्या लागतात. घरकामाला येणाऱ्या ताईंच्या, दुकानातील कामगाराच्या मुलाला सिकलसेल असेल, तर त्याचे कार्ड एकदा मागून पाहावे. गोळी आणि लस दोन्ही शासकीय रुग्णालयात मिळतात. त्या ताईंना हे कोणी सांगितलेले असतेच असे नाही.

कार्डाबद्दल शेवटचे. शासकीय कार्यक्रमात पीसीव्हीच्या तीन मात्रा आहेत: सहाव्या आठवड्यात, चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात. खासगी बालरोगतज्ज्ञ बहुधा सहा, दहा, चौदा आठवडे आणि वर्षानंतर एक वर्धक मात्रा, असे चार टप्पे ठेवतात. पहिली मात्रा माहेरच्या गावी शासकीय केंद्रात आणि पुढची सासरी रामदासपेठेत, असे घडले की दोन वेळापत्रकांचा घोळ होतो. दोन्ही कार्डे डॉक्टरांपुढे ठेवली की तो सुटतो. खरी गळती होते ती शेवटच्या मात्रेत. तोपर्यंत बाळ गुटगुटीत झालेले असते, अन्नप्राशन आटोपलेले असते, लसीकरणाच्या रडारडीचा कंटाळा आलेला असतो. पण पहिल्या मात्रांनी दिलेले संरक्षण ओसरत असते आणि साखरेची टिकाऊ स्मृती पक्की करण्याचे काम याच मात्रेचे.

दवाखान्याच्या शीतकपाटात ती कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवलेली असते. गोठली तर निकामी. परिचारिका ती हातात घेऊन हलवते आणि आजी बाळाचे तोंड आपल्या खांद्याकडे वळवते. टाहो फुटतो, अर्ध्या मिनिटात ओसरतो. कार्डावर तारीख पडते, आणि पुढच्या रकान्यात पेन्सिलने नऊ महिन्यांची.